उलट्या फेरीचा विमा

अठरा जानेवारी, रविवार. रक्कम अठ्ठावीस हजार तीनशे वीस रुपये. हजर असलेली माणसं: आमचे साडभाऊ, मोटारसायकलचं गॅरेज चालवणारा प्रमोद, मी, आणि चहाचा ट्रे हातात घेऊन दारातच थबकलेली माझी बायको. समुद्रपुरातल्या आमच्या बैठकीत त्या दिवशी एका रिकाम्या वावराचा विमा उतरवला गेला. वावरातलं सोयाबीन निघून गेलं होतं, विहीर नव्हती, गोठा नव्हता. तीन आठवड्यांनी तिथे मोटारसायकलींच्या शर्यती व्हायच्या होत्या, एवढंच. चोवीस हजार प्रीमियम आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी चार हजार तीनशे वीस, हा हिशेब मी दोनदा केला, कारण पहिल्यांदा माझा डोळ्यांवर विश्वास बसला नाही. बायको म्हणाली, ‘‘भाऊजी, वावराले काय होणार आहे?’’ साडभाऊ शांतपणे म्हणाले, ‘‘वावराले काई होत नाई. पाह्याले येते त्याले होते.’’

माझे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याइतका घाबरट माणूस वर्धा जिल्ह्यात नाही आणि त्यांच्याइतका धीटही नाही. ही दोन्ही विधानं मी जबाबदारीनं करतो. साप निघाला तर ते काठी न घेता पुढे होतात. पोलीस, पूर, पिसाळलेला बैल यांचं त्यांना काही वाटत नाही. मात्र अर्जातला एक रकाना रिकामा दिसला की त्यांच्या कपाळावर घाम येतो. तीस वर्षं ते विम्याचे एजंट आहेत. या तीस वर्षांत ते कुणाच्या घरी पंख्याखाली बसलेले मी पाहिलेले नाहीत. आल्याबरोबर ते छताकडे बघतात, पंख्याचा हूक किती जुना आहे ते विचारतात आणि खुर्ची भिंतीकडे सरकवतात. स्कूटर ताशी पंचवीसच्या वर नेत नाहीत. ती बंद पडली आणि ढकलत न्यावी लागली, तरी हेल्मेट डोक्यावरच. ‘‘अहो, आता तं पायी चालून राह्यले नं,’’ मी एकदा म्हणालो. ‘‘मी पायी आहो. मागून येणारा पायी आहे काय?’’ ते म्हणाले. त्यांच्याशी बोलताना मला बहुतेक वेळा नुसता धक्का बसतो.

लग्नात ते अहेर म्हणून नवरदेवाला एक वर्षाचा अपघात विमा देतात. कल्पना चांगली आहे. फक्त अर्ज ते मांडवातच भरून घेतात. आमच्या पुतण्याच्या लग्नात सप्तपदी संपून पंगत बसायच्या आत त्यांनी त्याला गाठलं आणि पेन काढून विचारलं, ‘‘नॉमिनी कोण?’’ पोरगं सवयीनं बोलून गेलं, ‘‘आई.’’ नवरी शेजारीच उभी होती. वाजंत्री नेमकी त्याच क्षणी थांबलेली. नवरीचा चेहरा, सासूचा चेहरा आणि नवरीच्या बापाचा चेहरा हे तिन्ही मी एकाच वेळी पाहिले, आणि तसं दृश्य पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही. साडभाऊंना त्यात वावगं काहीच वाटलं नाही. ‘‘अर्धं अर्धंही लिहिता येते बापू,’’ ते समजावणीच्या सुरात म्हणाले, ‘‘पन्नास टक्के आई, पन्नास टक्के बायको. पण आत्ताच ठरव. रकाना मोकळा ठेवू नको.’’ पंगत पाऊण तास उशिरा बसली.

लोकांना ते एकच मंत्र सांगत आले: खरं लिहा, पैसे मिळतील. स्वतःच्या अर्जात त्यांनी लिहिलं होतं की, लहानपणी आंब्यावरून पडलो, तेव्हापासून थंडीत डावा कान दुखतो. कंपनीनं कळवलं की एवढ्या माहितीची गरज नाही. त्यांनी अर्ज पुन्हा पाठवला, सोबत कानाची आकृती काढून.

तर असा माणूस मोटारसायकलींच्या शर्यतीत शिरला. आमच्याकडचे पोट्टे दरवर्षी डांबरी रस्त्यावर गाड्या पळवायचे आणि पोलिसांच्या काठ्या खायचे. प्रमोदनं ठरवलं की या वर्षी रीतसर, परवानगी काढून, वावरात मातीचा ट्रॅक करायचा. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं, बळीरामकाकांनी, वावर दिलं. मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो म्हणून मला शर्यतीच्या समितीचा खजिनदार केलं. विम्यासाठी प्रमोद साडभाऊंकडे गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून शर्यत कुणाची आहे हेच कळेनासं झालं. साडभाऊंनी मला टेपचं एक टोक धरायला लावून अख्खं वावर मोजलं. आलेखाच्या कागदावर लांबट गोल ट्रॅक काढला. गाड्या कोणत्या दिशेनं फिरणार ते बाणांनी दाखवलं. प्रमोदनं व्हिडिओत पाहिलं होतं की मातीच्या ट्रॅकवर गाड्या डावीकडे वळत फिरतात, म्हणून बाण तसे. सरळ रस्ता संपून वळण येतं, तिथे गाडी सुसाट येणार, म्हणून तिथे टायरांची भिंत. हिंगणघाटपासून जाम गावापर्यंतच्या पंक्चरवाल्यांकडून गोळा केलेली एकशे चौऱ्याऐंशी टायरं मी स्वतः मोजली. वळण संपवून गाडी जिथून दूर निघून जाते, तिथे भिंत नाही, कारण तिकडे तोंड करून गाडी येणारच नव्हती. त्या कोपऱ्यावर साडभाऊंनी हिरव्या पेनानं चौकोन काढला आणि लिहिलं, ‘चहा’. बसस्टँडवर टपरी लावणाऱ्या सुमनबाईंना त्यांनी हाताला धरून ती जागा दाखवली. ‘‘बाई, पूर्ण वावरात याच्यापेक्षा सेफ जागा नाई.’’

बावीस स्पर्धकांचे अपघाताचे अर्ज वेगळे. त्यात एक प्रश्न होता, पूर्वी कधी वाहनावरून पडलात काय? पहिलाच पोरगा म्हणाला, ‘‘काका, मी तं रोजच पडतो.’’ साडभाऊंनी चष्मा नीट केला. ‘‘तारखा सांग.’’ त्या अर्जाला तीन पुरवण्या जोडल्या गेल्या. हे सगळं कंपनीकडे गेलं, मोठ्या साहेबांनी नकाशावर शिक्का मारला आणि पॉलिसी आली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: शर्यत सोबतच्या नकाशाप्रमाणे होईल.

आठ फेब्रुवारीला दोनेक हजार माणूस जमलं. मी तिकिटावरून सांगतो, एक हजार नऊशे बारा. ट्रॅकच्या मधोमध एक कडुनिंब आहे आणि त्याखाली शेंदूर लावलेला मारुती. बळीरामकाकांनी नारळ फोडला आणि मग रांगेत उभ्या गाड्यांकडे बघून प्रमोदला विचारलं, ‘‘कोणत्या बाजूनं फिरणार बे?’’ प्रमोदनं हात केला. म्हातारा हबकलाच. ‘‘देवाले डाव्या हाताले ठेवून? उलटी प्रदक्षिणा? माह्या वावरात?’’ मारुतीचा तो कडुनिंब आम्ही सगळे जन्मापासून पाहत आलो. वावर मोजताना त्याच्या खोडाला टेप बांधला. पण हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आता मात्र ते सगळ्यांच्या डोक्यात एकदम आलं. पहिल्या रांगेतल्या दोन पोरांनी गाड्यांवरून पाय खाली टाकले. ‘‘उलटं नाई फिरत दादा आपण,’’ एक म्हणाला. प्रमोदनं दोन मिनिटांत सगळ्या गाड्यांची तोंडं फिरवली. यात कुणालाच गैर वाटलं नाही. मी तिथे उभा होतो, मलाही नाही.

साडभाऊ तेव्हा रुग्णवाहिकेखाली वाकून तिच्या स्टेपनीतली हवा तपासत होते. ते उठेपर्यंत दोन शर्यती झाल्या. त्यांनी ट्रॅककडे बघितलं, हातातल्या नकाशाकडे बघितलं, नकाशा उलटा धरून बघितला. मग हा पंचवीसच्या वर स्कूटर न नेणारा बासष्ट वर्षांचा माणूस हेल्मेट घालून, नकाशा झेंड्यासारखा हलवत चालू शर्यतीत धावला. ‘‘थांबवा! थांबवा! बाई, हटा तिथून!’’ लोकांना वाटलं ही करमणूक आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच टाळ्यांत एका पोराचं वळण सुटलं. पोरगा मातीत लोळून उभा राहिला, त्याला खरचटलंसुद्धा नाही. गाडी एकटीच घसरत गेली आणि जिथे टायर नव्हतं, तिथून सरळ चहाच्या टपरीत शिरली.

सुमनबाईंचा उजवा पाय मांडीत मोडला. हिंगणघाटच्या हाडांच्या दवाखान्यात पट्टी आणि स्क्रू घालून बिल झालं शहाऐंशी हजार चारशे. नवरा नाही, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि कमाई त्या एका टपरीची. साडभाऊ दवाखान्याच्या बाकावर बसून एकच वाक्य म्हणत होते, ‘‘जागा मी दाखवलती.’’ मी त्यांना म्हणालो, विमा आहे ना, पंचवीस लाखांचा आहे. त्यांनी हातातला नकाशा उलगडला आणि बाणांवर बोट ठेवलं.

कंपनीचा तपासनीस नागपुरातून आला. तिशीतला, सभ्य मुलगा. त्याच्या आदल्या दिवशी समितीची बैठक झाली होती आणि ठरलं होतं की दिशेबद्दल कुणी आपणहून बोलायचं नाही. मी आयुष्यात एका रुपयाची खोटी नोंद केलेली नाही, पण त्या बैठकीत मीही मान डोलावली, हे इथे लिहून टाकतो. तपासनिसानं टायरं मोजली, परवानगी पाहिली, सुमनबाईंचं बिल लावून घेतलं आणि फाइल मिटली. आम्ही श्वास सोडला. तेवढ्यात साडभाऊ म्हणाले, ‘‘थांबा. शर्यत नकाशाप्रमाणे झाली काय, हे तुम्ही विचारलं नाई.’’

तो मुलगाच घाबरला. ‘‘काका, मला गरज नाही वाटली. राहू द्या ना.’’

‘‘रकाना आहे नं त्याचा?’’

‘‘आहे, पण...’’

‘‘मंग लिहा. दिशा उलटी होती. नकाशाप्रमाणे झाली असती तं बाईले काई झालं नसतं.’’

तपासनिसानं आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, की कुणीतरी या माणसाला आवरेल. शेवटी त्यानं लिहिलं.

अकरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. अटीचा भंग, दावा नामंजूर. प्रमोद ते पत्र घेऊन माझ्या घरी आला, साडभाऊ तिथेच होते. ‘‘काका, तुम्ही एजंट कोणाचे? आमचे का त्याईचे?’’ तो ओरडला. ‘‘तो तं फाइल बंद करून राह्यलता!’’

‘‘तीस वर्षं लोकाईले सांगून राह्यलो बापू, खरं लिहा, पैसे मिळतील. आता मीच खोटं सांगू?’’

‘‘लिहिलं नं खरं? मिळाले पैसे?’’

साडभाऊंनी त्याच्या हातातलं पत्र घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग ते उठून चपला घालू लागले.

आठवड्यानं मला कळलं की त्यांनी स्वतःची आयुर्विम्याची पॉलिसी मोडली. मी हबकलो. पॉलिसी मोडायला निघालेल्या माणसाच्या ओसरीवर ते दोन दोन दिवस बसून राहत, तो अर्ज फाडेपर्यंत हलत नसत. त्यांना मोडीचे अठ्ठ्याहत्तर हजार दोनशे पन्नास मिळाले. आता या वयात नवी पॉलिसी त्यांना परवडणारी नाही. निम्म्या तालुक्याचा विमा उतरवलेला हा माणूस आज स्वतः विम्यावाचून स्कूटरवर हिंडतो.

दवाखान्याचं बिल असं फिटलं: समितीची शिल्लक अकरा हजार तीनशे चाळीस. प्रमोद आठ दिवस बोलला नाही, मग एक जुनी गाडी विकून पंधरा हजार ठेवून गेला. मान डोलावल्याचे माझे दहा हजार. उरलेले पन्नास हजार साठ साडभाऊंचे. बळीरामकाकांनीही पैसे आणले होते, पण साडभाऊंनी घेतले नाहीत. ‘‘तुमचं काई चुकलं नाई काका. नकाशा काढताना विचाराचं काम माहं होतं.’’

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं सुमनबाईंकडे गेलो. त्या खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. साडभाऊंनी पाकीट पुढे केलं आणि सांगितलं की दोन महिने टपरी बंद, रोजचे चारशे धरले, साठ दिवसांचे चोवीस हजार. बाईंनी नोटा मोजल्या. मग बोटांवर काही मोजलं. मग काही नोटा बाजूला काढून परत दिल्या.

‘‘हे काऊन?’’ साडभाऊंनी विचारलं.

‘‘माही टपरी रविवारी बंद राह्यते भाऊ. आठ रविवार झाले. तुम्ही तेबी धरले.’’

साडभाऊंनी त्या बत्तीसशे रुपयांकडे पाहिलं. ‘‘बाई, मले हे मालूम नव्हतं. कोणी विचारलंही नसतं.’’

‘‘कोणी विचाराले कायले पाह्यजे? बंद राह्यते तं राह्यते.’’

साडभाऊंनी चष्मा काढून तो शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. खोलीतला पंखा गरगर फिरत होता आणि ते बरोबर त्याच्या खाली बसले होते. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, लिहून आणलेल्या पावतीवरचा जुना आकडा खोडला, शेजारी बारीक सही केली आणि नवा आकडा आधी अंकात, मग अक्षरात लिहिला: वीस हजार आठशे रुपये फक्त, रोख, सुमनबाईंना पोचले.