सावरघळच्या पाण्याखाली

बायडाबाई सांगलीत कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर राहत होती, पण चार वर्षांत ती एकदाही घाटावर गेली नव्हती. धुणं चाळीच्या नळावर धुवायची. न्हायचं असलं की शेजारच्या चंद्राबाईला हाक मारायची आणि डोळे गच्च मिटून तिच्याकडून ओल्या पंचानं केस पुसून घ्यायची. डोक्यावरून पाणी म्हणून घेत नसे. नवरा धोंडिराम कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. बेडकांच्या आणि सापांच्या बरण्या पुसणाऱ्या त्या माणसाला बायकोच्या या भ्याडपणाचं मोठं नवल वाटायचं. पण तो हसत नसे, कारण त्याला ठाऊक होतं.

बासष्ट सालच्या आषाढात धरणाचं पाणी कोयनेच्या खोऱ्यात चढू लागलं, तेव्हा बायडाबाई आईला आणायला सावरघळला, माहेरी गेली होती. गाव आधीच रिकामं झालं होतं. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडेला बायडाबाईच्या लोकांची वस्ती. तिथं म्हातारी साळूबाई एकटीच चूल पेटवून बसली होती. तिला कशीबशी उठवून दोघी बांधावरून निघाल्या. पाणी गुडघाभर होतं. मधेच बांध खचला आणि बायडाबाई सरळ खाली गेली. गढूळ, काळं, कानात घुसणारं पाणी. हाताला काही लागेना, पायाला काही लागेना. आईनं केस धरून ओढलं म्हणून वाचली. वर आल्यावर तिनं मागं वळून पाहिलं, तर घराचं छप्पर पाण्यावर तरंगत जरासं फिरलं आणि बुडालं. माहेर गेलं, ते असं डोळ्यांदेखत.

सहासष्ट सालच्या मे महिन्यात कॉलेजातल्या लिमयेबाई घरी आल्या. तिशीच्या, अविवाहित, तोंडाळ आणि मनानं मोकळ्या. धरण झाल्यावर नदीतले जुने मासे उरले की संपले, यावर त्या प्रबंध लिहीत होत्या. पाण्यात उभ्या राहिलेल्या एका टेकडीवर राहुटी टाकून चार दिवस राहायचं, असा बेत होता. धोंडिराम स्वयंपाकाला जायचा होता, पण तो मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळला होता.

"आता दुसरा माणूस शोधायला हवा," लिमयेबाई म्हणाल्या. "आणि सावरघळची टेकडी म्हटलं की कुणी तयार होत नाही."

बायडाबाई चुलीपाशी होती. तिच्या हातातली भाकरी परातीत तशीच राहिली.

"कुटली टेकडी म्हनालासा, बाई?"

"सावरघळची. का हो?"

"मी येते," ती म्हणाली.

धोंडिराम अंथरुणात उठून बसला. "अगं, तितं सगळीकडं पानी हाय!"

"ठावं हाय मला," ती म्हणाली. तिचं तिलाच कळेना आपण काय बोलून बसलो ते. चंद्राबाई धोंडिरामाचं आणि पोरांचं बघायला तयार झाली, आणि चौथ्या दिवशी दोघी निघाल्या.

साताऱ्याहून घाट चढून गाडी बामणोलीला उतरली आणि समोर ते पाणी दिसलं, तेव्हा बायडाबाईचे पाय जमिनीला चिकटले. जिथं भातखाचरं होती, आंबे होते, ओळखीच्या वाटा होत्या, तिथं डोंगरापासून डोंगरापर्यंत नुसतं निळं पाणी. होडीवाला साठीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस होता. त्यानं तिच्याकडे दोनदा पाहिलं.

"तू साळूची पोर न्हवं?"

"व्हय, हिंदुरावदादा."

सावरघळच्या वरच्या आळीतला हिंदुराव. गावची जमीन पाण्याखाली गेल्यावर तो याच पाण्यावर वल्हं मारायला लागला होता. त्यानं होडी काठाला ओढली. बायडाबाई होडीच्या तळाशी बसली, फळी दोन्ही हातांनी धरली आणि टेकडीला होडी लागेपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत.

टेकडीवरचं दृश्य पाहून मात्र ती चरकली. पाणी चढलं तेव्हा खालची जनावरं जीव घेऊन वर पळाली होती आणि तिथंच अडकली होती. वानरांनी झाडांची सालं सुद्धा सोलून खाल्ली होती. एक भेकर, हाडं मोजून घ्यावीत इतकं वाळलेलं, भर दुपारी माणसांच्या अंगावरून पाण्यावर उतरलं. ते माणसांना भ्यायलंही नाही.

दुसरा धक्का लिमयेबाईंनी दिला. सकाळी त्या राहुटीतून बाहेर आल्या त्या भावाची अर्धी चड्डी आणि शर्ट घालून! हिंदुरावानं चटकन तोंड फिरवलं. बायडाबाईच्या हातातून तपेली सुटली. बाईंच्या हातात काचेचा मुखवटा होता आणि त्याला लावायची वाकडी रबरी नळी. नौदलातल्या भावानं कोचीनहून आणून दिलेली.

"हे तोंडाला लावायचं, नळी पाण्याबाहेर ठेवायची आणि पालथं तरंगायचं. खालचं सगळं दिसतं," असं सांगून बाई धडाधड पाण्यात शिरल्या. होडी त्यांच्या मागं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोकं वर काढलं आणि ओरडल्या, "अहो, इथं खाली देऊळ आहे! आणि मासे! केवढाले मासे!"

हिंदुरावाच्या हातातलं वल्हं थांबलं. ते जननीचं देऊळ होतं. देवी गावकऱ्यांनी पालखीतून नव्या गावठाणात नेली होती, कळसही उतरवून नेला होता, पण दगडी देऊळ कोण नेणार? देवळाखाली डोह होता आणि डोहात देवीचे खडशी मासे. त्यांना कुणी धरत नसे. गाव सणावारी लाह्या टाकी. बायडाबाईच्या वस्तीनं मात्र त्या डोहाच्या दगडावर पायही ठेवायचा नाही, पाणी भरायचं ते खालच्या वळणावर, असा रिवाज होता. 'तुमची सावली पडली तर मासे उलटे होऊन मरतील, आन् हात घातला तर बोटं तोडतील,' असं तिला लहानपणी वरच्या आळीतल्या बायांनी किती वेळा सांगितलं होतं. पुढं सत्तावन्न साली वस्तीनं दीक्षा घेतली, घरातले देव ओढ्यात सोडले, पण बायडाबाई डोहावरून जाताना तरीही पावलं झपझप टाकायची.

दुपारी जेवताना लिमयेबाई म्हणाल्या, "तुमच्या गावचे मासे आहेत, तुम्ही बघायला नको?"

"मला न्हाई जमायचं, बाई. मला पान्याचं लय भ्या वाटतं."

बाईंनी आग्रह केला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बायडाबाई आपणहून गुडघाभर पाण्यात उभी राहिली, मुखवटा लावला आणि तोंड बुडवलं. त्याच क्षणी ते बासष्ट सालचं काळं पाणी कानात शिरल्यासारखं झालं. तिनं नळी थुंकली, पाणी गिळलं, ठसकत ठसकत काठावर येऊन पडली आणि मुखवटा लांब भिरकावला.

बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. मुखवटा पुसून आणून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला. "पाण्यात नंतर. आधी कोरड्यावर श्वास घ्यायला शिका. नाकानं नाही, तोंडानं."

मग तो सारा दिवस बायडाबाईनं तोंडात नळी धरून तांदूळ निवडले, कांदा चिरला, भाकऱ्या थापल्या. कांद्यानं डोळ्यांत पाणी येईना, कारण डोळ्यांवर काच. हिंदुराव लांब बसून बघत होता. त्यानं बरोबर बांधून आणलेल्या दशम्या विटल्या होत्या. दुपारी त्यानं तिच्या टोपलीतली भाकरी उचलली आणि पाठ करून खाल्ली. बायडाबाईनं पाहिलं आणि आणखी एक भाकरी थापायला घेतली.

तिसऱ्या दिवशी नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, कमरेला दोर बांधून ती होडीतून पाण्यात उतरली. दोराचं टोक हिंदुरावाच्या हातात. शेजारी लिमयेबाई. अंगाला असं कापरं भरलं होतं की होडीची कड खडखड वाजत होती.

"कवा बी वडा म्हनलं की वडायचं, दादा."

"वडतो. जा."

तिनं तोंड बुडवलं. आधी नुसता आपलाच श्वास ऐकू आला, भात्यासारखा मोठा. मग डोळे उघडले, आणि पाणी काळं नव्हतं. हिरवं होतं, उन्हाच्या तिरप्या दोऱ्यांनी भरलेलं. त्या उजेडात खाली शिखर उभं होतं, अंगभर शेवाळ पांघरून. ती ज्याच्याकडे वर मान करून लांबून बघायची, ते देऊळ आता तिच्या पोटाखाली होतं.

आणि मग मासे आले. एक, मग चार, मग मोजता येईनात इतके. हातभर लांब, बंद्या रुपयाएवढी खवलं, पितळेच्या भांड्यासारखे पिवळे. ते पळाले नाहीत. तिच्याभोवती फिरू लागले. तिची सावली शिखरावर पडली होती आणि त्या सावलीतून ते निवांत ये-जा करत होते. एक आला आणि त्यानं तिच्या बोटांना तोंड लावलं. बायडाबाईचा श्वास थांबला. आता तोडतो! पण त्यानं नुसतं चाचपलं, काही खायला नाही असं पाहिलं आणि निघून गेला.

एकाएकी सगळे मासे फुटाण्यासारखे उधळले. बायडाबाई दचकली. खालच्या अंधारातून काहीतरी लांबडं, काळं सरळ तिच्यावर येत होतं. काचेपुढं एक तोंड येऊन थांबलं: चपटं, मिशाळ, काळेभोर डोळे. पाणमांजर! त्याच्या मागं आणखी दोन. ती नळीतच किंचाळली, नळीत पाणी शिरलं, पाय झाडले, आणि पायाला दगड लागला. ती त्या दगडावर ताठ उभी राहिली. डोकं पाण्याबाहेर आलं.

होडीतून हिंदुराव डोळे फाडून बघत होता. भर पाण्यात, जिथं दहा पुरुष पाणी, तिथं साळूची पोर छातीभर पाण्यात उभी होती.

"बायडे, तुज्या पायाखाली काय हाय गं?"

तिनं नळी काढली, दम घेतला. मग तिच्या ध्यानात आलं. ती शिखराच्या माथ्यावर उभी होती.

"देऊळ हाय, दादा," ती म्हणाली.

लिमयेबाईंना काय झालं ते कळेना, त्या एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहू लागल्या. बायडाबाई वाट बघत राहिली. पाय आखडेल, दगड सरकेल, पाणी खाली ओढील. काहीच झालं नाही. वारा आला, पाण्यावर सुरकुती उठली. लांब पाणमांजरांनी डोकी वर काढून शिटीसारखा आवाज केला. इतकी वर्षं ज्याला आपण भ्यालो ते एवढंच? तिला रडू आलं की हसू, ते तिचं तिलाच उमगलं नाही.

हिंदुराव ओरडेल असं तिला वाटत होतं. तो घसा खाकरून म्हणाला, "दीपमाळ उभी हाय का, बगशील? माज्या आज्यानं बांदलीया ती. मी चार वर्सं हितनं होडी नेतोय, पर या जागेवरनं कवा नेली न्हाई. वळसा घालून जातो."

बायडाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग कुणी न सांगता नळी तोंडात धरली आणि शिखरावरून पाय उचलले. यावेळी तिनं दोराला हातही लावला नाही. देवळाच्या पुढच्या अंगाला तरंगत गेली, मान इकडंतिकडं फिरवली, आणि बऱ्याच वेळानं वर आली.

"हाय, दादा. वरची दोन दगडी कडी पडल्यात. बाकी उभी हाय. मासं फिरत्यात तिच्याभवती."

हिंदुरावानं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. "बरं झालं," एवढंच म्हणाला.

सांगलीला परतल्यावर बायडाबाईनं हे सगळं आधी आईला सांगितलं. साळूबाई तेव्हा तिच्याकडेच असायची, नजर अधू झालेली, दारात ऊन खात बसलेली. शिखरावर पाय दिला हे ऐकल्यावर म्हातारीनं दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या.

"अगं, काय केलंस हे! खरंच उबी ऱ्हायलीस?"

"उबी ऱ्हायले. बराच येळ."

"आन् काय बी झालं न्हाई?"

"न्हाई आई. काय सुदिक झालं न्हाई."

म्हातारी बोटांची पेरं चाचपत राहिली. साऱ्या आयुष्यात कितीदा ती त्या डोहावरून मान खाली घालून गेली असेल, त्याचा विचार करत असावी. आत पोरं भांडत होती. धोंडिराम भिंतीला टेकून पेज पीत होता, तो पेजेची वाटी हातात धरून थांबला. शेवटी म्हातारी लेकीच्या दिशेनं सरकली, तिचा हात चाचपून धरला आणि हळूच विचारलं,

"मंग आपलं घर दिसलं का गं?"

बायडाबाईला हे कुणी विचारील असं वाटलं नव्हतं. शेवटच्या दिवशी ती त्यासाठीच पुन्हा पाण्यात उतरली होती. देवळापासून उताराच्या बाजूला, ओढ्याच्या अंगानं ती तरंगत गेली होती, दोर संपेपर्यंत.

"न्हाई दिसलं," ती म्हणाली. "आपली वस्ती लय खाली हाय, आई. तितवर उजेडच जात न्हाई."