सगळीकडे एक जास्त

चौथीतल्या माझ्या लेकीला गणितात दहापैकी तीन गुण पडले, तेव्हा खरं सांगतो, मला आधी थोडं बरं वाटलं. पोरगी शेवटी बापावर गेली म्हणायची. मी गणितात कायम काठावरचा.

पण हीच पोरगी वर्गात सगळ्यांच्या आधी गणितं सोडवून मोकळी व्हायची. मोकळी झाली की बाई तिला बाकीच्यांच्या वह्या तपासायला बसवायच्या. घाट चढायला गाडीला मागून इंजिन लावतात, तशी ही वर्गाला लावलेली. आणि मी शहाणा भिसेगावभर सांगत फिरायचो, "आमची आत्ताच अर्धी बाई झालीय."

ती मात्र रोज विचारायची, "बाबा, मला नवीन कधी शिकवणार?"

शेवटी बाईंना विचारलं. "अहो दादा, हुशार आहे ती, तिचं ती शिकेल," बाई म्हणाल्या. "मला बाकीची बत्तीस बघायचीत."

क्लासवाले सर म्हणाले, आठवीत आणा. मग मीच पाचवीचं पुस्तक घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी ती मला शिकवत होती. म्हणजे घरीही तेच काम.

आणि आता हा पेपर, पालकांच्या सहीसाठी. मोबाईलवर एकेक गणित करून पाहिलं. चुकलेली सातही उत्तरं बरोबर उत्तरापेक्षा एकाने जास्त होती.

"इतकं नीट कुणी चुकत नाही गं."

ती खाली बघत म्हणाली, "चुकलं की वह्या नाही तपासाव्या लागत. मैत्रिणीशेजारी बसायला मिळतं."

दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन शाळेत गेलो. बाईंना दाखवलं, सगळीकडे एकच जास्त आहे, बघा. ती मुद्दाम करतेय, हेही सांगितलं. बाई थकलेल्या दिसत होत्या. पेपरवरून नजर फिरवून म्हणाल्या, "मुद्दाम कोण गुण घालवेल, दादा? हातचा धरताना गडबड होतेय. घरी सराव घ्या."

मी "बरं" म्हणालो. भांडायचं ठरवून गेलेला माणूस मी, "बरं" म्हणून आलो.

संध्याकाळी सराव घेतला. वीस गणितं दिली. माझा चहा संपायच्या आत तिने वही पुढे सरकवली. सगळी बरोबर.

"आता काय?" ती म्हणाली.

मी आणखी वीस दिली. दुसरं काही सुचलंच नाही. तिने वही ओढून घेतली, आणि पहिल्याच उत्तरात एक वाढवला.