पाण्याची गाठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला का सांगतेय, तेही नीटसं कळत नाही.

आमच्या बर्मिंगहॅमच्या घरात सासूबाई राहायला येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. जीभ अशी, की आमटीपासून माझ्या माहेरापर्यंत सगळ्यात खोट काढायच्या. मग एके दिवशी आंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली आणि बाई गप्पच झाल्या. तपासणीच्या तारखेपर्यंत दोन आठवडे घरात शब्द म्हणून नव्हता. एका सकाळी त्यांनी आपणहून माझ्या केसांना तेल लावलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. मला रडू आलं — पण ही सबब नाही.

हॉस्पिटलने दुभाषी हवा का विचारलं होतं. कशाला, मी आहे ना, असं मीच म्हटलं.

अल्ट्रासाउंड झाल्यावर डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. काळा, गुळगुळीत कडांचा गोल. पाण्याची साधी गाठ आहे, त्या म्हणाल्या, कॅन्सर नाही. काही करायला नको. पुढे बदल जाणवला तर मात्र या. आणि हसून थांबल्या — मी आईंना सांगावं म्हणून.

आईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. "काय म्हणतेय गं?"

ती थाप मला सुचली तरी कशी? "अजून सांगता येत नाही म्हणतात, आई. रिपोर्ट यायचाय."

"मग ती हसते का?"

"इथे सगळ्यांशीच हसतात."

नवऱ्यालाही तेच सांगितलं. हॉस्पिटलचं पत्र आलं, ते ऑफिसच्या बॅगेत ठेवलं. एक दिवस, फार तर दोन — असं म्हणत अकरा दिवस काढले. आईंचं जेवण तुटलं. त्यांनी मला गोडा मसाला शिकवला, प्रमाणासकट. मला 'बाळा' म्हणू लागल्या. मग एका दुपारी कपाट उघडून बसल्या आणि आपल्यामागे कुठली साडी कुणाला द्यायची ते सांगू लागल्या — मी यादी लिहून घेतली. समोर बसून. हिरवी इरकल माझ्या नावावर होती. हात थांबला का माझा? नाही थांबला.

बाराव्या दिवशी त्यांना बाथरूममध्ये चक्कर आली. तेव्हा मी घाबरले, आणि रिपोर्ट आला म्हणून सांगितलं, डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. त्यांनी मला हात जोडले.

महिन्याभरात आमटी पुन्हा बिघडू लागली. पण चारचौघांत म्हणायच्या, त्या दिवसांत सुनेने पोटच्या मुलीसारखं सांभाळलं. गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेल्या. भेटायला आलेल्या बायका तेच बोलत होत्या, आणि मी मान खाली घालून ऐकत होते.

त्या अकरा दिवसांत त्या रोज मरायची तयारी करत होत्या — आणि मी त्या घरात सुखी होते.