भुलाबाईचं फोल्डर

मोतीलाल वाईट माणूस नाही, हे आधीच लिहून टाकते. कारण पुढचं वाचून तुम्ही त्याला शिव्या द्याल. मीही दिल्या, सेलूच्या भर बाजारात दिल्या, आणि एकही परत घेतलेली नाही.

किराणा दुकानदाराच्या घरातला हा धाकटा. थोरले भाऊ वजनकाट्यामागं बसले आणि हा त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास शेजारच्या गाळ्यात कॅसेटी मांडून बसला. गिऱ्हाइकानं आवडीची गाणी सांगायची, यानं कोऱ्या कॅसेटीत भरून द्यायची. एखादं गाणं नसलं तरी 'नाई' हा शब्द त्याच्या तोंडून निघायचा नाही. "परवा येजो," म्हणायचा आणि त्या एका गाण्यासाठी पार नागपूर गाठायचा. उधारीवाला, भांडखोर, दारू पिऊन आलेला, सगळ्यांशी एकाच सुरात बोलायचा. मला अशा माणसांचा राग येतो. सगळ्यांचा असणारा माणूस अडचणीच्या वेळी कोणाचाच नसतो, हे मी मोर्च्यांमध्ये शिकले आहे.

कॅसेटी मेल्या तसे त्यानं कम्प्युटर आणले. आधी एक, मग आणखी दोन, तिन्ही एकमेकांना तारेनं जोडलेले. कोणी शिकवलं नाही. पडद्यावर इंग्रजीत काही अडलं की तो ते अक्षर अक्षर वाचायचा, डोकं खाजवायचा आणि बटणं दाबत बसायचा, सुटेपर्यंत. गाणी उतरवताना त्याला सगळ्यात जास्त छळलं ते 'ॲक्सेस डिनाइड'नं. गाणं इंटरनेटवरून पूर्ण येतं, पण ज्या फोल्डरमध्ये ठेवायचं ते दुसऱ्याच्या नावावर असतं, म्हणून मशीन ते ठेवू देत नाही. यावर दोन इलाज. जो समोर बसला आहे त्याचं एकट्याचं नाव त्या फोल्डरला जोडायचं, हे किचकट. नाहीतर 'एव्हरीवन' निवडायचं आणि 'फुल कंट्रोल'च्या चौकोनात टिचकी मारायची. म्हणजे तिन्ही मशीनवर जो बसेल त्यानं ते फोल्डर उघडावं, त्यातलं न्यावं, वाटलं तर पुसावं. मोतीलालचा इलाज कायम हा दुसरा.

"अशानं कोणीबी काहीबी नेईन ना रे," मी एकदा म्हटलं होतं.

"नेऊ द्या ना ताई. गाणंच तं हाय. नेल्यानं सरते का?"

आता पंचफुलाचं सांगते. हिंगणीच्या पुढं, बोरच्या जंगलाला लागून एक वस्ती आहे. नाव लिहीत नाही. तिथं ती एकटी राहायची आणि रोजानं निंदणाला जायची. भोंडल्यासारखी पोरींची जी भुलाबाईची गाणी असतात, त्यांच्या चालीवर नवे शब्द बसवावेत ते तिनंच. आमचा जिल्हा कागदावर दारूबंदीचा आहे. कागद वर्ध्याला असतो, दारू वस्तीवर असते. पंचफुलाची गाणी त्या दारूवर होती. आमच्या दारूविरोधी महिला मंडळानं ती रेकॉर्ड केली, गावोगाव वाजवायला. त्याच बैठकीत, एक गाणं संपल्यावर, ती साध्या बोलण्यात सगळं सांगून गेली. मोहाच्या सडव्याचे, म्हणजे दारू गाळायला आंबत घातलेल्या फुलांचे ड्रम कुठल्या नाल्यात पुरलेत, माल कोणत्या गाडीतून निघतो, खाकीतलं कोण कधी येतं. जिल्ह्यातल्या एका नव्या साहेबाला ऐकवायला आम्हाला तेच हवं होतं.

रेकॉर्डर बंद केल्यावर ती म्हणाली, "गाणे साऱ्यायले ऐकवा. हे बोलणं साहेबाबिगर कोणाच्या कानात गेलं नाई पाह्यजे. मी काई तुमच्यासारखी सेलूले राह्यत नाई ताई. मले इथंच झोपा लागते."

मी शब्द दिला.

पुण्याच्या एका ओळखीच्या पोरीनं आवाज साफ करून सगळं इंटरनेटवर चढवलं, पासवर्ड लावून. आता ते सेलूला उतरवून सीड्या करायच्या होत्या. मोतीलालला मी बजावलं, "हे फोल्डर फक्त आमच्यासाठी. दुसऱ्या कोणाला दिसता कामा नये." कारण सांगायची गरज मला वाटली नाही. आजही वाटत नाही. त्यानं एका मशीनवर आमच्यासाठी वेगळं नाव केलं, वेगळं फोल्डर केलं, आणि त्याला नाव दिलं 'भुलाबाई'.

उतरवायला गेली ज्योत्स्ना. ती शाळेत शिकवते आणि मंडळाचं लिखापढीचं काम बघते. दिवस बाजाराचा. दुकानात मोबाइलच्या कार्डात गाणी भरून घेणाऱ्यांची रेटारेटी. आमच्या मशीनवर एक पोरगा नवरात्राच्या मिरवणुकीची गाणी निवडत बसला होता, म्हणून मोतीलालनं ज्योत्स्नाला कोपऱ्यातल्या मशीनवर बसवलं. त्या मशीनला आमचं नाव ओळखीचं नव्हतं. गाणं पूर्ण उतरायचं आणि शेवटी तेच, ॲक्सेस डिनाइड. पुन्हा उतरवायचं, पुन्हा तेच.

"मोतीलालभाऊ, माही बस निघून जाईन."

"काऊन घाबरता मॅडम? आत्ता सोडवतो."

तो वाकला, आमच्या फोल्डरला एव्हरीवन लावलं, फुल कंट्रोलवर टिचकी मारली. "झालं. तुमचं उतरलं का मंग बंद करून टाकतो." गाणी भराभर आत पडली, ती बोलण्याची फाईलही पडली. सीडी निघाली, ज्योत्स्ना बसकडे पळाली, आणि भारनियमनाची लाइट गेली. लाइट आली तेव्हा गिऱ्हाइकं मोतीलालच्या खांद्यावर चढली होती. बंद करायचं राहून गेलं.

दिवस कोणते होते बघा. भाद्रपदाची पुनव झाली होती. घरोघरी भुलाबाई बसलेली, पोरी टाळ्या वाजवत गाणी म्हणत दारोदार फिरत होत्या. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, मोतीलालभाऊ, भुलाबाईचे गाणे टाकून द्या. आणि मशीनवर उघडं फोल्डर, नाव 'भुलाबाई'. लोकांनी ते गाणं गाणं करून नेलं नाही, अख्खं उचललं. त्यांचा काय दोष?

वस्तीवर एक माणूस आहे, त्याला सगळे भैय्याजी म्हणतात. पांढरा शर्ट, आवाज हळू, भागवत सप्त्याला पहिली वर्गणी त्याची. नाल्यातले ड्रमही त्याचेच. त्याच्या अंगणात त्याची पोरगी आचल हिची भुलाबाई बसली होती. पोरींनी मोबाइलवर गाणी लावली, त्यामागून टाळ्या धरल्या. एक गाणं संपलं, पोरी पुढच्या गाण्यासाठी थांबल्या, आणि मोबाइलमधून पंचफुला बोलायला लागली. नाला. ड्रम. गाडी.

तिथं बसलेल्या एका म्हातारीनं मला हे सांगितलं. म्हणाली, भैय्याजी ओट्यावर सुपारी कातरत होता. त्याचा हात थांबला नाही. बोलणं संपल्यावर पोरीला एवढंच म्हणाला, "आचल, पुन्हा लाव बेटा."

भुलाबाईची गाणी झाली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते, हे तुम्हाला माहीत आहे. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, नाव सांगायचं. दुसऱ्या दिवशी पंचफुला शेतातून परतत होती, डोक्यावर गवताचा भारा. शेजारच्या अंगणात पोरी जमल्या होत्या. आचलनं तिला हात धरून बसवलं.

"मावशी, आमच्या बाबानं खास तुह्यासाठी डबा पाठवला. सांगतलं, मावशीलेच ओळखू दे."

पंचफुलानं डबा हलवला. आत काहीतरी जड खडखडलं.

"खोबऱ्याची वाटी?"

"नाई."

"सुपाऱ्या हायत का वं?"

"नाई. हरली, मावशी हरली."

पोरी हसत होत्या. तिनं झाकण काढलं. आत लोखंडी कडी होती, टोकाला थोडी वाकलेली. तिच्याच दाराची. ती शेतात होती तेवढ्या वेळात कोणीतरी खिळ्यांसकट उपसून नेली होती. पोरींना काही कळलं नाही, एक म्हणाली, "अवं, हे काय खायाचं असते?" आणि सगळ्या पुन्हा हसल्या.

ती त्या घरात परत झोपली नाही. ज्योत्स्नानं तिला अल्लीपूरला तिच्या मावसबहिणीकडे पोचवलं. सीडी साहेबानं ऐकली, धाड पडली; नाल्यात नुसते खड्डे होते, ड्रम केव्हाच हलले होते.

मी मोतीलालच्या दुकानात गेले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो मशीनवर बसला, आमचं फोल्डर उघडून बघितलं, एव्हरीवन तसंच होतं. त्यानं टिचकी काढली.

"बंद केलं, ताई."

"आता काय बंद केलं? वासरू पळाल्यावर दावं बांधून राह्यला का?"

"मले तुमी सांगतलं असतं, त्याच्यात काय हाय—"

"सांगतलं असतं तं तू कोणाले नाई म्हटलं असतं? एकाचं नाव सांग. आजवर कोणाले नाई म्हटलं तू?"

त्यानं बोटं मोजायला घेतली आणि पहिल्याच बोटावर सोडून दिली. 

मग त्यानं त्याला जमेल ते केलं. दुकानाबाहेर पाटी लावली, भुलाबाईची नवी गाणी फुकट, जुनी बदलून मिळतील. लोक कार्ड घेऊन आले की तो आधी ती बोलण्याची फाईल पुसायचा. मोटारसायकल घेऊन हिंगणी, सेलू, आसपासची गावं फिरला. काही कार्डांवर सापडली, काहींवर ती फाईल पुढं कोणाला दिलेली निघाली, त्यानं पुन्हा पुढं. दिवाळीनंतर तो मला म्हणाला, "ताई, मले तिले एकदा भेटू द्या. पाय धरतो." मी नको म्हणत होते. पण त्याचा चेहरा सुकला होता, आणि कितीही झालं तरी तो फितूर नव्हता.

अल्लीपूरला आम्ही बसनं गेलो. पंचफुलानं त्याला पाय धरू दिले नाहीत. चहा दिला. विचारलं, "भाऊ, हे आता बंद होते का?"

मोतीलालनं कपाकडे बघून सांगितलं, "नाई होत, बाई."

निघालो. गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलवर एक माणूस टेकला होता. स्वच्छ कपडे, कपाळाला बुक्का.

"नमस्कार शेठ. सेलूवाले ना तुमी? गाणे भरून देता ते? इकडं कोणाकडे?"

मोतीलालनं बसस्टँडकडे बोट दाखवलं. "कोणाकडे नाई. बस चुकली."

"बस तं ह्या गल्लीतून जातच नाई शेठ." तो गोड हसला. "बरं. मी जरा पाणी पिऊन येतो." आणि आम्ही जिथून आलो त्याच गल्लीत त्यानं गाडी घातली.

आम्ही मागं पळालो. मोतीलाल जाडा माणूस, त्याची चप्पल गल्लीतच राहिली, तरी तो माझ्यापुढं होता. पोचलो तर तो माणूस ओट्यावर बसून लोट्यानं पाणी पीत होता. पंचफुला दारात उभी. कोणीही वाटसरू मागेल तसं त्यानं पाणी मागितलं होतं, तिनं दिलं होतं.

"मावशी," लोटा खाली ठेवत तो म्हणाला, "तुमचा आवाज ऐकल्यासारखा वाटते. एखादं भुलाबाईचं गाणं म्हणता का?"

पंचफुलानं लोटा उचलून घेतला. तोंड उघडलं नाही तिनं, 'हो' नाही, 'नाही' नाही.  मग तोंड पुसून तो उठला, आम्हाला नमस्कार केला आणि गेला.

ऊन उतरायच्या आत आम्ही जीप ठरवून तिला तिथून हलवलं. मोतीलालला मी वाटेत बसस्टँडवर उतरवलं. कुठं नेता, हे त्यानं विचारलं नाही. त्यानंतर इतकी वर्षं झाली, तो बाजारात भेटतो, मंडळाची पत्रकं दुकानात ठेवून घेतो, आणि तिचं नाव काढत नाही. त्याच्या तिन्ही मशीनवर आता बसणाऱ्याचं नाव आणि पासवर्ड टाकल्याशिवाय काही उघडत नाही. पोरं कटकट करतात, दुसऱ्या दुकानात जातात. तो जाऊ देतो.

पंचफुला आता जिथं आहे तिथं तिनं दाराला आतून दोन कड्या लावून घेतल्या आहेत. शेजारणींना ती मुकी वाटते. गाव चांगलं आहे, माणसं भली आहेत. फक्त तिथंही भुलाबाई बसते, आणि पोरींच्या हातात मोबाइल असतात.