तीस फेब्रुवारीची सही

परबसाहेबांची मिशी रोज सकाळी आठ वाजता एका पितळी घंटेत बघून विंचरली जायची. आमच्या अग्निशमन पथकाच्या दारात टांगलेली ती घंटा आगीची वर्दी आली की वाजवायची असते, असं तिच्याखालच्या पाटीवर लिहिलेलं होतं. पण वर्दी मोबाइलवर यायला लागल्यापासून घंटेला दुसरं काम उरलं नव्हतं. साहेब पांढऱ्या रुमालाने तिला पुसायचे, वाकून तोंड बघायचे, छोट्या कंगव्याने मिशीची दोन्ही टोकं वर वळवायचे आणि घंटेलाच विचारल्यासारखे म्हणायचे, "ठीक दिसता मा?" घंटा काही बोलत नसे, म्हणून आम्ही सहाजण "दिसता, साहेब" म्हणायचो.

मी त्या पथकाची कारकून. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला, एक छोटी खासगी औद्योगिक वसाहत आहे. नाव सांगत नाही, कारण माझी नोकरी अजून तिथेच आहे. तिथल्या कारखानदारांच्या असोसिएशनने स्वतःचं पथक ठेवलंय: एक बंब, पाच जवान, एक कारकून, आणि तेव्हा या सगळ्यांच्या वर गंगाराम परब, मुख्य अग्निशमन अधिकारी. हा हुद्दा ते कधी अर्धा उच्चारत नसत. चुकून राँग नंबर लागला तरी समोरच्याला तो पूर्ण ऐकून घ्यावा लागायचा.

मूळचे कुडाळकडचे, वडील गिरणीत, स्वतः कांजूरमार्गला राहायला. चार माणसांत मला मॅडम म्हणायचे आणि एरवी 'गो बाय'. तरुणपणी त्यांनी खरोखरच एका पेटलेल्या गाळ्यातून माणूस बाहेर काढला होता. उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. ती गोष्ट मी नोकरीला लागले तेव्हा एका माणसाची होती. पुढे दर वर्षी त्या गाळ्यातून एक माणूस जास्त वाचायला लागला. वाघमारे, आमचा सगळ्यात जुना जवान, मला हळूच म्हणायचा, "मॅडम, साहेब रिटायर होईपर्यंत अख्खी शिफ्ट बाहेर येणार बघा." पण डाग खरा होता, हे वाघमारेच शेवटी जोडायचा. त्या दिवशी तो साहेबांच्या मागे नळी धरून उभा होता.

साहेबांचं खरं प्रेम मात्र रंगावर. वसाहतीच्या रस्त्यांवर एकतीस हायड्रंट आहेत, म्हणजे कडेला उभे असलेले ते लाल खांब, ज्यांचं झाकण फिरवून नळी जोडली की टाकीचं पाणी मिळतं. दर सव्वीस जानेवारीला असोसिएशनचे अध्यक्ष झेंडा लावून वसाहतीत फेरी मारत, आणि त्या फेरीसाठी साहेबांची तयारी दिवाळीपासून सुरू होई. रंगाचे डबे यायचे, साहेब स्वतः शेड तपासायचे, एकतीसच्या एकतीस खांबांना डोक्यापासून पायापर्यंत लाल हात मारला जायचा. झाकणाच्या कडेला ब्रश जाणार नाही म्हणून बारीक ब्रश वेगळा आणलेला होता. "लोकांक पाणी दिसणा नाय गो बाय, रंग दिसता," असं त्यांचं म्हणणं. आणि दुसरं, जास्त लाडकं: "रंग मारलो काय म्हातारी पण नवरी दिसता." अध्यक्ष दर वर्षी खांबावर हात फिरवून "वा, परब" म्हणायचे आणि साहेब त्या 'वा'वर पुढचे अकरा महिने काढायचे.

हे हायड्रंट दर महिन्याच्या शेवटी उघडून बघायचे, असा नियम होता. सुरुवातीला साहेब उघडायचे. मग कोणाच्या गाळ्यासमोर चिखल झाला, कोणाच्या गाडीवर पाणी उडालं, शेजारच्या सोसायटीतली माणसं पाणी वाया घालवता म्हणून भांडायला आली. प्रत्येकाने असोसिएशनच्या सेक्रेटरींकडे तक्रार केली आणि सेक्रेटरींनी साहेबांना 'जरा सांभाळून घ्या' असं सांगितलं. साहेबांनी इतकं सांभाळून घेतलं की उघडणंच बंद केलं. महिनाअखेरीला हातात छडी घेऊन एक फेरी मारायचे, प्रत्येक खांबावर टक् करून वाजवायचे आणि येऊन मला सांगायचे, "लिव, सगळे सुस्थितीत."

मी लिहायचे. खरं सांगायचं तर लिहीतही नसे. कॉम्प्युटरवर मागच्या महिन्याचं पान उघडायचं, महिन्याचं नाव बदलायचं, छापायचं आणि सहीला ठेवायचं. साहेब सही झकास करायचे, 'परब'मधल्या 'प'ला शेपूट काढून. मला त्यात काही गैर वाटलं नाही, कारण सगळे खांब खरंच फार छान दिसत होते.

त्या वर्षी साहेबांचे निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि निरोपाची सलामी हा एकच विषय चालू होता. दोन बाजूंनी दोन नळ्यांचे फवारे, मध्ये पाण्याची कमान, खालून साहेब चालत येणार आणि वाघमारे घंटा वाजवणार. त्यांनी याचं चित्र काढून माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं होतं. चित्रात मिशीसुद्धा होती. पाणी उडून ती बसेल, असं मी म्हणाले तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एप्रिलमधल्या एका दुपारी, नुकतीच जेवणं झालेली असताना, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या गाळ्याला आग लागली. बंब चार मिनिटांत पोचला. आतली माणसं आधीच बाहेर पडली होती. बंबातलं पाणी किती पुरणार, म्हणून वाघमारे समोरच्या सतरा नंबरच्या हायड्रंटकडे धावला आणि झाकणाला पाना लावला. झाकण हलेना. त्याने अंगाचा भार टाकला, दुसरा जवान आला, दोघांनी मिळून ओढलं, पाना सटकला आणि वाघमारेचं मनगट खांबावर आपटून मोडलं. शेजारच्या हायड्रंटचीही तीच गत. शहरातले बंब येईपर्यंत गाळा गेला. माणूस कोणी गेला नाही, हे नशीब. त्या सगळ्यात सतरा नंबरचा खांब मात्र दुपारच्या उन्हात नवरीसारखा चमकत उभा होता.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आमच्या ऑफिसात आले. दार लावून म्हणाले की, गाळ्याचा मालक प्रकरण वर नेणार आहे, शनिवारच्या कमिटीपुढे अहवाल हवा. अहवालात काय हवं तेही त्यांनीच सांगितलं: वाघमारेने घाबरून पाना उलट्या दिशेने फिरवला आणि झाकण जाम केलं. वाघमारे कंत्राटावर होता, त्याला कमी केलं की विषय संपत होता. साहेबांना निवृत्तीनंतर एक वर्ष सल्लागार म्हणून ठेवायचं त्यांच्या मनात होतं, आणि सलामीला अध्यक्ष स्वतः येणार होते.

ते गेल्यावर साहेब मला मजकूर सांगायला बसले. "सदर जवान वाघमारे यांनी चुकीच्या दिशेने" इथपर्यंत आले आणि थांबले. माझी बोटं कीबोर्डवर तशीच. साहेब म्हणाले, "वाघमारेन माका नळी धरूक शिकवली होती, म्हायत हा तुका? मी साहेब होण्याच्या आधी." मग उठले, शेजारच्या गाळ्यातून पत्रा खरवडायची पट्टी मागून आणली आणि बाहेर गेले.

तासाभराने परत आले तेव्हा युनिफॉर्मवर लाल भुगा होता आणि हातात बिस्किटाएवढा एक टवका. सतरा नंबरच्या झाकणाच्या कडेचा. त्यांनी तो माझ्या टेबलावर आडवा ठेवला आणि कंगव्याच्या टोकाने थर मोजायला लावले. अकरा होते. साहेबांना अधिकारी होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मग त्यांनी तपासणीचं रजिस्टर मागितलं आणि चष्मा लावून, बहुधा पहिल्यांदाच, एकेक पान वाचलं. एका पानावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं, आणि रजिस्टर काखेत मारून घरी गेले. तो अहवाल माझ्या कॉम्प्युटरवर अर्ध्या वाक्यातच राहिला.

शनिवारी कमिटीपुढे वाघमारे हात गळ्यात बांधून कोपऱ्यात बसला होता. त्याच्या मुलीची बारावी होती, आणि त्या खोलीत त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं. सेक्रेटरींनी अहवाल मागितला. साहेब उभे राहिले. त्या दिवशी मिशी विंचरलेली नव्हती, हे मला आधी दिसलं. त्यांनी रजिस्टर उघडून अध्यक्षांच्या पुढे सरकवलं आणि ते शुद्ध मराठीत, हळूहळू बोलले.

"या पानावर तीस फेब्रुवारीला एकतीस हायड्रंट तपासल्याची माझी सही आहे."

कोणीतरी हसलं. सेक्रेटरी माझ्याकडे बघत म्हणाले की, टायपिंगची चूक असेल. जानेवारीचं पान मीच बदललं होतं, महिना बदलला आणि तारीख तशीच ठेवली होती.

"टाइप करणारीला विचारू नका," साहेब म्हणाले. "सही वाचून करायची असते, ते माझं काम होतं. जो माणूस तीस फेब्रुवारीला सही करतो, त्याने बाकीच्या तारखांना काय केलं ते वेगळं सांगायला नको. वाघमारेने पाना बरोबर फिरवला. ते झाकण मी बंद केलंय. अकरा वर्षं, ब्रशने." आणि खिशातून तो टवका काढून रजिस्टरवर ठेवला.

मी त्या दिवशी गप्प बसले. मी उठून बोलायला हवं होतं, आणि मी बोलले नाही. याची लाज मला अजून वाटते. पुढे एकदा साहेबांना तसं म्हणाले, तर म्हणाले, "तू बोल्ला असतस तर दोघांची नोकरी गेली असती. मगे वही लिवतला कोण?" ही समजूत होती की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

साहेबांना त्याच आठवड्यात कामावरून दूर केलं. वाघमारे राहिला. सल्लागारपद गेलं, सलामी गेली, आणि ते चित्र माझ्या काचेखालीच राहिलं. पुढच्या सोमवारी सकाळी आठला वसाहतीच्या गेटवर साध्या शर्टातला एक माणूस पट्टी, तारेचा ब्रश आणि तेलाचा डबा घेऊन उभा. वॉचमनने त्याला पाहुण्यांच्या वहीत नाव लिहायला लावलं. साहेबांनी लिहिलं: गंगाराम परब. हुद्द्याची जागा त्या वहीत होती, ती त्यांनी मोकळी सोडली.

रोज दोन खांब. सेक्रेटरींनी दोनदा हटकलं, मग नाद सोडला. वाघमारे प्लॅस्टरचा हात सांभाळत शेजारी स्टूल टाकून बसायचा आणि सूचना द्यायचा. "साहेब, जोर लावा. साहेब, उलटं फिरवताय." साहेब मान वर न करता म्हणायचे, "माका शिकवू नको." मग दोघं चहा प्यायचे. एकतीस खांब पार विद्रूप झाले, कुठे लाल, कुठे लोखंड, सगळीकडे तेल. ती म्हातारी आता म्हातारीच दिसत होती.

शेवटचा खांब गेटजवळचा होता. सगळे जवान आपणहून बाहेर आले होते. साहेबांनी पाना लावला, झाकण सुटलं, आणि जोडलेल्या नळीतून पाणी असं काही वर गेलं की समोरच्या रिक्षावाल्यांनी रिक्षा मागे घेतल्या. साहेब बाजूला व्हायला विसरले. मिशी पार खाली बसली. कोणीतरी पळत जाऊन घंटा वाजवली. वाघमारे तर माझ्या शेजारी उभा होता, त्यामुळे कोणी वाजवली ते मला कळलं नाही. साहेबांनी तोंडावरचं पाणी निपटलं आणि मला म्हणाले, "लिव गो बाय. आणि तारीख बघून घाल."

आता ते गावी असतात. त्यांच्या बायकोची, म्हणजे काकींची, तक्रार अशी की, गणपतीला घराला रंग द्यायचा म्हटलं की, "आधी नळ सगळे चालतत काय बघ," म्हणून हा माणूस दोन दिवस मागे लागतो. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी त्यांचा फोन येतो. माझी, माझ्या घरच्यांची चौकशी नाही. एकच प्रश्न: "पाणी इला?"

गेल्या महिन्यात त्या दिवशी ऑफिसात ऑडिटवाले बसलेले, दोन जवान रजेवर, बाहेर रणरणतं ऊन. हायड्रंट उघडलेले नव्हते आणि रजिस्टरचं पान छापून माझ्यापुढे तयार होतं. फोन वाजला. "पाणी इला?" माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. काचेखालच्या चित्रातली ती मिशी दिसली आणि मी म्हणाले, "साहेब, जरा थांबा. फोन ठेवू नका."

वाघमारेला हाक मारली. आम्ही दोघं सतरा नंबरपाशी गेलो. त्याने पाना लावला, मोडून जुळलेल्या मनगटाने झाकण फिरवलं आणि पाणी धो धो रस्त्यावर आलं. मी मोबाइल त्या पाण्याजवळ धरला. मग साहेब "हां" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. अजून तीस खांब बाकी होते, म्हणून आम्ही अठरा नंबरकडे निघालो.