सुभेदारांच्या अंगावरचे सगळे स्वेटर

सुभेदार शांताराम घाडी यांची नि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, हे आधीच सांगून टाकतो. फौजेतून निवृत्त होऊन ते घाटकोपरला आमच्या चाळीत राहायला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची गोष्ट. नळावर ही रांग. एक उंच गृहस्थ बादली घेऊन रांगेच्या बाजूला उभे दिसले. मला वाटलं, हे मध्येच घुसणार. मी ओरडलो, "ओ मिलिटरी! रांग इथून आहे!"

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी शेवटचाच आहे. पलटणीत सुभेदार सगळ्यांच्या मागून जेवतो, तशी सवय झालीय."

त्या दिवशी त्यांच्या बादलीच्या वेळी नळ गेला. रिकामी बादली घेऊन ते हसत जिना चढले, आणि मी माझ्या भरलेल्या हंड्याकडे बघत राहिलो. संध्याकाळी आमच्या मंडळींनी, म्हणजे सौभाग्यवतींनी, त्यांच्याकडे घावणे पाठवले आणि भांडण मिटलं. तेव्हापासूनचा हा स्नेह. आता सुभेदारसाहेब साठ वर्षांचे होत आहेत, म्हणून त्यांच्या सत्कारानिमित्त हे चार शब्द. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, बाकीचं सगळं चाळीच्या वाचनालयातलं. लिहिण्यात उणं-अधिक झालं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

सुभेदारसाहेब फौजेत सिग्नलच्या तुकडीत होते. म्हणजे डोंगरदऱ्यांतून टेलिफोनच्या तारा ओढायच्या आणि पुढच्या चौकीचा आवाज मागच्या चौकीला पोचवायचा. निवृत्तीनंतर मुलुंडच्या एका कारखान्यात त्यांनी पहाऱ्याची नोकरी केली, पण तार काही हातातून सुटली नाही. चाळीत एकट्यादुकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या खोल्यांपासून स्वतःच्या खोलीपर्यंत त्यांनी तारा ओढल्या आणि घंटा बसवल्या. बरं वाटेनासं झालं की बटण दाबायचं. वरच्या मजल्यावरच्या पारूबाई मोरजकरांनी पहिल्याच दिवशी घंटा वाजवली. सुभेदार अर्धं जेवण टाकून धावले. बघतात तर बाई मजेत पान लावत बसलेल्या.

"काय झालं, पारूबाई?"

"काय नाय रे बाबा. वाजता काय ता बघी होतंय."

"वाजते. रोज बघत जा," एवढंच बोलून ते परत जेवायला बसले. आता सांगा, हा माणूस रागावतो तरी कधी?

पण मला आज सांगायचं आहे ते स्वेटरबद्दल. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

बासष्ट साली चीनशी लढाई झाली तेव्हा आपला देश पंधरा वर्षांचा होता. पंधरा वर्षांचं पोर म्हणजे काय, मिसरूड फुटायची वेळ. घरात कुणाशी पटत नाही, आणि बाहेर आपण कोण हे नक्की ठाऊक नाही. आमच्या गल्लीतही तेच होतं. मुंबई कुणाची यावरून दोन-चार वर्षांपूर्वी जे रामायण झालं, त्यात आमची चाळ आणि समोरची गुजराती इमारत यांचं बोलणं बंद पडलं होतं. बायका समोरच्या खिडकीत कपडेसुद्धा पाठ करून वाळत घालायच्या. अशात लढाईची बातमी आली. आपले जवान बर्फात, अंगावर गरम कपडे नाहीत, मागे हटताहेत. त्या संध्याकाळी दोन्हीकडची माणसं एकाच रेडिओजवळ जमली. घरात मयत झालं की भांडलेले भाऊही एका अंगणात येऊन बसतात, तसं झालं. दुसऱ्या दिवशी समोरच्या हंसाबेन लोकरीचे गुंडे आणि सुया घेऊन आमच्या चाळीचा जिना चढल्या. "चलो, शिकवते," म्हणाल्या.

आमच्या बायका कोकणातल्या. थंडी म्हणजे काय, तर पहाटे नळाचं पाणी अंगावर उडालं की लागते ती. लोकर कुणी हातात धरलेली नव्हती. तरी जवानांच्या स्वेटरसाठी खोल्याखोल्यांत काम वाटून घेतलं. पाठ हंसाबेनची, पोट दुसऱ्या कुणाचं, एक बाही आमच्या मंडळींची, एक पारूबाईंची. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल. जोडल्यावर बघतात तर एक बाही चांगली वीतभर लांब! उसवायला वेळ नव्हता. तसाच पाठवला. मग दुसरे विणले, तेही असेच.

लढाई आपण हरलो. पुस्तकांत वाचतो की जिंकलेल्या लढायांनी देश घडतात. घडत असतील. आमची गल्ली मात्र हरलेल्या लढाईने घडली, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर सुभेदार त्या लढाईत होते हे कळल्यावर आमच्या मंडळींनी त्यांना गाठलंच. "भावोजी, आमचा स्वेटर कुणाला मिळाला असेल हो? हिरवट लोकर, एक बाही लांब."

"अहो वहिनी," सुभेदार म्हणाले, "तो माझ्याच अंगावर होता! लांब बाही बोटांवर ओढून घ्यायचो. हातमोजा लागला नाही."

मंडळींचे पाय जमिनीला लागेनात. नळावर जाऊन सांगितलं, तर पारूबाई म्हणाल्या, "तुझो कसो? माका सांगल्यानी माझो होतो!" चौकशी केली तेव्हा कळलं, प्रत्येक बाईला सुभेदारांनी हेच सांगितलं होतं. सगळ्या मिळून जाब विचारायला गेल्या. सुभेदार शांतपणे म्हणाले, "थंडीच तेवढी होती. एकावर एक सगळे घातले होते." मग काय, भांडणच मिटलं. कितीतरी वर्षं आमच्या चाळीतल्या बायका त्या बर्फातल्या लढाईबद्दल अशा बोलायच्या, जणू स्वतः तिथे होत्या.

मागच्या दिवाळीत सुभेदारांच्या तुकडीतले जुने सोबती, हवालदार बलदेवसिंग, त्यांच्याकडे मुक्कामाला आले. आमच्या मंडळींनी दोघांना फराळाला बोलावलं. चहाची बशी धरताना दिसलं, बलदेवसिंगांच्या उजव्या हाताची दोन बोटं नाहीत.

"भाईसाब, ये उंगली?" मंडळींनी विचारलं.

"बर्फ ले गई, बहनजी."

"अय्या! आणि हमारा स्वेटर? लंबा बाहीवाला?"

"कौन सा स्वेटर?" बलदेवसिंग भोळेपणाने म्हणाले. "हम तो सूती वर्दी में थे. ऊपर तक कुछ पहुँचा ही नहीं."

सुभेदारांनी मान खाली घातली. मंडळी आत गेल्या. पाहुणे गेल्यावर त्यांनी ट्रंकेतून त्या वेळचा उरलेला हिरवट गुंडा काढला आणि मांडीवर घेऊन बसून राहिल्या. त्यानंतर सुभेदारांच्या खोलीकडे घावणे जायचे थांबले. जिन्यात समोर आले तर त्या पदर सावरून निघून जायच्या. मला धास्ती वाटू लागली, की इतक्या वर्षांचं हे दीर-भावजयीचं नातं तुटतंय.

शेवटी एका सकाळी सुभेदारच आले. चपला काढून उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"वहिनी, बोलायचंच नाही का?"

"काय बोलू? तुम्ही तिकडे काकडत होतात, आणि आम्ही इथे नळावर मिरवत होतो! लाज वाटते मला."

सुभेदार म्हणाले, "आम्ही हरून खाली उतरलो ना, तेव्हा मान वर करवत नव्हती. वाटलं, लोक तोंडावर थुंकतील. एका गावात एक म्हातारी चहा घेऊन पुढे आली. तिची भाषा मला येत नव्हती. तिने माझी बाही चाचपली, आणि सुया चालवल्यासारखे हात करून विचारलं, मिळाला का? वहिनी, तिला मी नाही कसं म्हणू? मान हलवली, वर राहिला अशी खूण केली. ती एवढी हसली! त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं, आपण कुणासाठी उभे होतो ते. तेव्हापासून जी विचारेल तिला हो म्हणतो."

मंडळींनी डोळे पुसले. आत गेल्या. मला वाटलं, संपलं. तर बाहेर आल्या त्या हातात तो गुंडा घेऊन.

"हात पुढे करा."

"कशाला?"

"माप घेते. तेव्हा कुणाचं माप घेतलं नव्हतं, म्हणून बाह्या चुकल्या."

गुंडा पुरणार नव्हता. हंसाबेननी आणखी लोकर आणली. पाठ त्यांची, बाह्या आमच्या मंडळींच्या नि पारूबाईंच्या, पोट पुन्हा दुसऱ्या खोलीत. गेल्या रविवारी स्वेटर सुभेदारांच्या अंगावर चढला. माप घेऊनही एक बाही लांबच! पारूबाईंचा हात काही या जन्मी घट्ट व्हायचा नाही. बाहेर घाटकोपरचं ऊन मी म्हणत होतं, पंखा बंद पडलेला, आणि सुभेदारसाहेब घामाने निथळत बायकांच्या मधोमध बसून चहा पीत होते. मी म्हटलं, "अहो, काढा आता, उकडून मराल."

"काढतो काय?" ते लांब बाही बोटांवर ओढून घेत म्हणाले. "आत्ता कुठे पोचलाय."

सुभेदारसाहेब, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, अंगात बळ राहो, आणि आमच्या घंटा ऐकायला तुमचे कान असेच तिखट राहोत. शंभरीच्या सत्काराला हाच स्वेटर घालून या. कोपरांवर झिजला तर काळजी नको. लोकर शिल्लक आहे, आणि विणणाऱ्याही.