ताईच्या बारा जोड्या

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. तेही गणितात. निर्मळ गावी आमची फुलांची वाडी. आठवीनंतर ताईने शाळा सोडली, पहाटे कळ्या खुडायचं काम अंगावर घेतलं, म्हणून माझं कॉलेज झालं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असून मी तशी वागले.

त्या रविवारी नालासोपाऱ्याहून ताईला बघायला मंडळी आली. तिला तिसावं लागलेलं, आधीची स्थळं फिरलेली. मुलगा शांत वाटला. ताई चहा देताना कप हिंदकळला, तर त्याने पटकन खाली हात धरला. ताई चक्क हसली. हे तिला हवं होतं, एवढं मलाही कळलं.

मुलाच्या आईने मला विचारलं, "गणित शिकून काय करतात गं?"

"सोपं सांगते. ताईच्या साड्या तीन, ब्लाउज चार. तीन चोक बारा. बारा प्रकारे नटता येतं तिला."

"हिरव्यावर गुलाबी कोन घालतं?" माझी आई हसून म्हणाली. तिला विषय मोडायचा होता.

"घालतं कोण ते नाही गं, आई. घालता किती प्रकारे येतं, ते मोजायचं."

मुलाची आई ताईकडे बघत होती. "मग ही बारांतली कितवी?"

"ही त्यात नाही. ही शेजारच्या काकूंची. आजच्यापुरती."

बघण्याच्या दिवशी आमच्याकडे साडी मागून आणतातच. गावात सगळ्यांना माहीत असतं, पाहुण्यांसमोर कोणी बोलत नाही. मी बोलले. का, तर मोजणी चुकायला नको. ताईने पदर मुठीत गोळा केला आणि मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी मध्यस्थ मावशी आल्या. "मोठीला नाही म्हणतात. उसन्या साडीत दाखवली, म्हणे. धाकटी चालेल. शिकलेली आहे, खरं बोलते."

ताई ओटीवर गजरे ओवत होती. तिच्यासमोरच मी म्हटलं, "तो बारावी पास? मला? मी काय वाटेवर पडलेय?"

ताईने दोरा दातांनी तोडला. "मावशी, धाकटीचं मुलाने स्वतः सांगितलं, का त्याच्या आईने?"

"त्यानेच, बाय."

"बरं," ती म्हणाली आणि पुढची कळी उचलली.

मी आत जाऊन एमएस्सीचा फॉर्म भरत बसले.